काटा शून्यावर, इंजिन तापलेलं

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. होडीच्या इंजिनाचा ताप गारवाबाबा नुसत्या स्पर्शाने उतरवणार होते, आणि असली करमणूक फुकट कोण सोडतो? मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन गर्दीच्या मागे उभे राहिले. तीस वर्षांत त्यांनी कितीतरी चमत्कार उघडे पाडले होते, आणि पुढच्या चमत्काराला गर्दी तेवढीच जमली होती. आता त्यांना रागही येत नसे, नुसता कंटाळा येई. आज ते आले ते शेजारच्या घरातल्या सुनेसाठी. सकाळी ती दारात येऊन म्हणाली होती, "काका, माझ्या सावलीने इंजिन तापतं म्हणे. सासूबाईंनी माझी ट्रंक भरून ठेवलीय."

होडी तिच्या नवऱ्याची. तो आजारपणात गेला आणि होडी दोन वर्षं शेडमध्ये पडून राहिली. घर चालवायला सुनेने ती पाण्यात उतरवली, तर दहा मिनिटांत इंजिनाच्या तापाचा काटा तांबड्यावर. तीनदा तेच झालं. मग मिस्त्रींच्या आधी बाबा आले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

"डोळे मिटा," बाबा म्हणाले. "यंत्राला जीव असतो, जिवाला ताप असतो, आणि तापाला आमचा हात असतो."

सगळ्यांनी डोळे मिटले. मिस्त्रींनी मिटले नाहीत, पण त्यांना दिसली ती इंजिनावर ओणवलेली पाठ आणि एकदाच हललेलं कोपर.

इंजिन सुरू झालं. दहा मिनिटं झाली तरी काटा जागचा हलला नाही. टाळ्या पडल्या.

"आता बंद करा," बाबा घाईने म्हणाले. "आणि मुलीला दुपारच्या आत माहेरी पोचवा. नाहीतर ताप उलटेल."

"राहू दे चालू, थोडा वेळ," मिस्त्री पुढे येत म्हणाले. त्यांनी काट्याकडे पाहिलंच नाही. हे इंजिन बाहेरचं पाणी ओढून थंड राहतं आणि ते पाणी मागच्या नळीतून धारेने पडतं. नळीतून नुसता धूर येत होता.

थोड्याच वेळात इंजिनातून वाफ निघाली.

"बघा तिची सावली!" बाबा ओरडले.

"सूनबाई, तू पार रस्त्यावर जाऊन उभी राहा," मिस्त्री म्हणाले. ती गेली. वाफ वाढलीच. त्यांनी इंजिन बंद केलं आणि सासूबाईंना जवळ बोलावलं. "वहिनी, एवढी वाफ आणि काटा शून्यावर. ताप उतरलेला नाही, थर्मामीटर काढून घेतलाय." काट्याकडे जाणारी वायर सुटून लोंबत होती. "बाबा, पूर्वी गॅरेजात होतात का? बरोबर हीच वायर सापडली."

बाबांना एकदम दुसऱ्या भक्तांची आठवण झाली. अर्धी गर्दी त्यांच्यामागे गेली. वायर बघायला कोण थांबतो?

इंजिन निवल्यावर मिस्त्रींनी पाणी ओढणाऱ्या पंपाचं झाकण उघडलं. आत सहा पाकळ्यांचं रबरी चाक होतं. दोन वर्षं कोरडं राहून ते कडक झालं होतं आणि तडकलं होतं. तीन पाकळ्या चाकावर होत्या, दोन पंपात सापडल्या.

"राहू दे ना काका, नवं चाक बसवा," सून म्हणाली.

"सहावी सापडल्याशिवाय नाही. ती पुढे पाणी अडवून बसलीय."

गुडघे दुखेपर्यंत शोधल्यावर ती पाइपाच्या वळणात सापडली. नवं चाक बसलं, वायर जोडली. इंजिन अर्धा तास चाललं. काटा मधोमध येऊन थांबला आणि मागच्या नळीतून धार पडू लागली.

इतका वेळ पायरीवर बसलेल्या सासूबाईंनी त्या धारेत हात धरला. "कोमट आहे," त्या म्हणाल्या.

"असंच असतं, वहिनी. तुमचा मुलगा असता तर त्यानेही आधी हेच उघडलं असतं." मिस्त्रींचा आवाज दमला होता. "पुढे कधी काही बिघडलं, तर घरातल्या माणसाला दोष देण्याआधी झाकण उघडून बघा. चारच तर स्क्रू असतात."

सासूबाईंनी ओला हात पदराला पुसला आणि सुनेचा हात धरला.

"घरी चल," त्या म्हणाल्या. "ट्रंक मी भरली, मीच रिकामी करते."