शंभरातले चाळीस

आमच्या सासूबाईंनी आयुष्यात कुठलीच वस्तू सांगितल्या भावाला घेतली नाही. जुन्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या बाईला ते परवडतही नाही. कपाट येवो, टेबल येवो, आरसा येवो, आधी त्याच्याभोवती एक फेरी, मग पाठीवर एक थाप, मग नाक मुरडून, "ह्याचं काय करू मी? सरपण?" समोरचा माणूस एकेक पायरी खाली उतरायला लागे. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणते. मी आई म्हणते. नवरा जहाजावर, त्यामुळे घरात आणि दुकानात आम्ही दोघीच.

तर या आईंनी सहा वर्षांपूर्वी एका कर्ज देणाऱ्या कंपनीचाच भाव पाडला होता.

झालं असं, की एक दवाखाना बंद पडला आणि त्याचे साठ लोखंडी पलंग लिलावात निघाले. आईंनी कर्ज काढून साठच्या साठ उचलले. लोखंड दणकट, भाव मातीमोल. एकच गोष्ट ध्यानात आली नाही. ज्या पलंगावर कोण कण्हलं, कोण गेलं ठाऊक नाही, तो पलंग आपल्या घरात कुणी नेत नाही. पलंग पडून राहिले, हप्ते थकले. सात महिने. शेवटी कंपनीचा फोन आला: शंभरातले साठ एकरकमी भरा, विषय संपवू. आई म्हणाल्या, चाळीस. चार दिवस घासाघीस चालली आणि सौदा चाळीसवर ठरला. त्या संध्याकाळी आईंनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

यंदा दुकानाच्या जागेचा मालक म्हणाला, "मामी, जागा विकतोय. पहिला हक्क तुमचा. तीन महिने थांबतो, पुढे नाही." तीस वर्षं त्या उंबऱ्यावर बसलेली बाई. आम्ही बँकेत गेलो.

कर्जाच्या टेबलावरच्या बाईंनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. "काकू, तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर सात महिने उशीर दिसतोय. आणि खाली लिहिलंय, पूर्ण रकमेपेक्षा कमी घेऊन खातं बंद केलं."

"बरोबर!" आई हरखून म्हणाल्या. "चाळीसवर आणलं मी त्यांना."

बाईंनी चष्मा काढला. "काकू, ती शाबासकी नाही हो. त्याच्यामुळेच तुमचं कर्ज अडलंय."

आईंचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. जणू भर बाजारात कुणी हातातली तागडी काढून घेतली.

"खोडता येईल का?" मी विचारलं.

"खोटं असतं तर आलं असतं. खरं आहे ते कसं खोडणार? कंपनीनं सोडून दिलेले बाकीचे साठ भरले, तर कंपनी तसं कळवेल आणि ती खालची ओळ बदलेल. सात महिने मात्र राहतील. जुने होतील तसा त्यांचा भार कमी होईल."



दुसऱ्या दिवशी चकचकीत बुटांचा एक एजंट दुकानात हजर. असल्या लोकांना वास कसा लागतो कोण जाणे. "मामी, तीस दिवसांत रिपोर्ट कोरा करून देतो."

"तो कसा?"

"तक्रार टाकायची. हे खातं माझं नाहीच म्हणायचं."

"पण आहे की माझं."

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. पाचदा तक्रार टाकू. कंपनीनं वेळेत उत्तर दिलं नाही, की ओळ उडाली."

खरं सांगते, मला मोह झाला. त्याची फी एका कपाटाएवढी होती. "आई, टाकू या का?" मी हळूच म्हटलं.

आईंनी पदराला हात पुसले आणि त्याला एका कपाटापाशी नेलं. दाराच्या कोपऱ्यात वाळवीचं भोक, भोकाभोवती खडूचा पांढरा गोल. "हा गोल मी काढते. प्रत्येक वस्तूवर, खोट असेल तिथं. बघून नेलेला माणूस भांडायला येत नाही. तू मला यावर रंग मारायला सांगतोयस."

"मग बसा खडू घेऊन," म्हणत तो गेला.

त्यानंतर आई फडक्यानं कपाटं पुसत राहिल्या. पुसता पुसता ओव्या जुळवायची त्यांची सवय. त्या दिवशी ही जुळली:

*चुकली माझी वाट, चुकीला देते नाव,*
*मागं फिरून बाई, गाठते माझा गाव.*

जागेसाठी साठवलेले पैसे घेऊन आम्ही कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीतला कारकून गोंधळला. "काकू, हे तर आम्ही केव्हाच सोडून दिलंय."

"तुम्ही सोडलंत. मला भरायचंय."

"सगळं?"

"सगळं. आणि पावती लवकर फाडा. नाहीतर माझी जीभ सवयीनं भाव करायला लागेल."

कारकून हसला, आतून साहेबाला घेऊन आला. साहेबानं आईंकडे, मग कागदाकडे, मग पुन्हा आईंकडे पाहिलं. पैसे घेऊन त्यानं येणं बाकी नसल्याचं पत्र तिथल्या तिथे दिलं.

दीड महिन्यानं बँकेच्या पडद्यावर ओळ बदलली होती: पूर्ण भरून बंद. वरती सात महिने होते तसेच, सात खिळे ठोकावेत तसे.

"एवढ्यावर एकट्या काकूंना देता येणार नाही," बाई म्हणाल्या. "चांगल्या नोंदीचं कुणी सोबत सही करेल?"

माझ्या शिलाई मशीनचं कर्ज मी फेडलं होतं, एकही तारीख न चुकवता. मी पेन उचललं. आईंनी माझं मनगट धरलं.

"नको गं. तुझं नाव स्वच्छ आहे. माझ्या नावाशेजारी कशाला नेतेस?"

"तुमचा एक हप्ता चुकला, की माझं नाव बुडालं. हो ना?"

"तेच तर म्हणतेय!"

"म्हणूनच सही करते. स्वतःसाठी चुकलात एकदा. माझ्यासाठी नाही चुकणार तुम्ही."

टेबलापलीकडच्या बाई उगाचच कागद सारखे करू लागल्या. मग मनगटावरची पकड सैल झाली.

मागितलं त्याच्या पाऊणपट कर्ज मंजूर झालं. उरलेलं सहा महिन्यांत द्यायचं, हे मालकानं कागदावर मान्य केलं. ओढाताण होणार, हे दोघींना ठाऊक होतं. हप्त्याची तारीख पाच ठरली. आई म्हणाल्या, "घरच्या कॅलेंडरवर तीन लिही."

बाहेर पडलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आई माझ्यापुढे दोन पावलं, भराभर.

"उद्या गवंड्याला बोलाव. मागच्या भिंतीला ओल आहे."

"अहो आई, भिंत अजून आपली कुठं झालीय?"

"होईस्तोवर वाळायला नको का ती?"