दोन इंच लांब बुरखा

सुज्ञ वाचकहो, आमच्याकडील द्वारका परिसरातील एका शिंप्याच्या हातून घडलेली, किंबहुना न घडलेली, एक चूक आणि तिच्यामुळे उघडकीस आलेले त्याच्या पत्नीच्या हाडांचे दुखणे, यांचा वृत्तांत मी येथे नम्रपणे सादर करीत आहे.

निसारभाई हे चाळीस वर्षे बुरखे शिवणारे कारागीर होते. ईदच्या आठ दिवस आधी त्यांनी पत्नी सकीनाबी हिच्यासाठी वहीतील जुन्या मापाने नवा बुरखा शिवला. तो अंगावर चढताच जमिनीवर लोळू लागला. सकीनाबी हसून, नेहमीप्रमाणे मुलीच्या नावाने हाक मारीत म्हणाली, "रिदाचे अब्बा, आता कात्री खाली ठेवा. नजर गेली तुमची."

हे बोलणे निसारभाईंच्या काळजाला लागले. नजर गेल्यावर शिंप्याजवळ उरते काय? त्यांनी बुरखा मोजला, तो वहीशी तंतोतंत जुळला. मग पत्नीला भिंतीशी सरळ उभे करून त्यांनी खांद्यापासून घोट्यापर्यंत टेप सोडली. अकरा वर्षांपूर्वीचे माप बावन्न इंच होते, आजचे पन्नास. पुन्हा मोजले. पन्नासच.

आपली नजर शाबूत असल्याचा आनंद त्यांना क्षणभरही झाला नाही. कळशी उचलताना सकीनाबीच्या पाठीत चमक भरे आणि ती तेल चोळून गप्प बसे, हे त्यांना आठवले. दवाखान्याचे नाव काढताच ती म्हणाली की, वय झाले की सगळ्याच बायका वाकतात, त्यात नवल ते काय.

"चूक माझी असती तर बरं झालं असतं," निसारभाई हळूच म्हणाले. "शिवण उसवून पुन्हा घालता येते."

तेव्हा कुठे ती चप्पल शोधू लागली.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे व हाडांची तपासणी करून सांगितले की, हाडे ठिसूळ झाली असून काही मणके नकळत दबले आहेत. गेलेली उंची परत येणार नाही, मात्र पुढची झीज रोखता येईल. आठवड्याची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये. दूध, नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, ऊन आणि रोजचे चालणे असावे. वाकून ओझे उचलणे मात्र बंद.

तेव्हापासून कळशी निसारभाई उचलतात आणि दर शुक्रवारी पत्नीचे माप घेतात. वर्षातून एकदा पुरे, असे डॉक्टरीणबाईंनी समजावूनही ते ऐकत नाहीत. परवा सकीनाबी कुरकुरली, "मी काय तुमचं गिऱ्हाईक आहे?"

"गिऱ्हाईक असतीस तर एवढा घाबरलो असतो का?"

यावर ती टाचा भिंतीला टेकवून सरळ उभी राहिली.

आपण अमूल्य वेळ देऊन हे वाचलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे.

आपला नम्र,
देवराम गांगुर्डे, एकलहरे