बारा ते दोनचा पहारा

आमच्या कोळीवाड्यात मारुतीच्या देवळात माघात सप्ताह बसतो. सात दिवस होड्या किनाऱ्याला, चुलीवर मासळी नाही आणि देवळात वीणा अखंड. ती जमिनीवर टेकवायची नाही, हा नियम. दोन-दोन तासांचे पहारे असतात. एकानं वीणा गळ्यात घालून नाम घेत उभं राहायचं, वेळ संपली की ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. तिथं वय बघत नाहीत. सत्तरीचा म्हातारा विशीतल्या पोराच्या पायाला हात लावतो. चाळीस वर्षं मी टाळ धरतोय, पण ते बघताना अजून माझा ठेका चुकतो.

दुपारी बारा ते दोनचा पहारा माझ्या मेव्हण्याचा. तो गेल्यावर माझा भाचा दिपेश उभा राहू लागला. भर उन्हाची, भुकेची वेळ. कुणाला नको असते ती, म्हणून कुणी मागितलीही नव्हती. यंदा ती त्याच्याकडून काढून घेतली. कारण त्याचे दंड.

पाच वर्षं झाली, पोरगा रोज पहाटे बोर्लीच्या जिममध्ये जातो. साडेपाचला शटर तोच उघडतो, चावीच त्याच्याकडे असते. आठला परत येऊन होडीवर. त्याचं खाणं म्हणजे आमच्या घराची करमणूक. बांगडा उकडलेला, बोंबील उकडलेला, तेलाचा थेंब नाही. आई ज्या तागडीवर मासळी विकते, तिच्यावर हा भात मोजणार.

"भात हाय का सोनं?" कृष्णाबाई, म्हणजे माझी बहीण, रोज ओरडते. "आजाऱ्याला पन येवढं बेचव कुनी घालत न्हाय!"

"आये, अजून दोन अंडी दे," एवढंच त्याचं उत्तर.

गेल्या वर्षी त्याच जिममधला एक मुलगा इंजेक्शनं घेऊन घेऊन किडनी घालवून बसला. तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावर कुणाचा दंड दिसला की लोकांना त्यात सुई दिसते.

सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी तुळशीराम माईकवर पहारे वाचत होता. तो कमिटीचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण माईक हातात आला की त्याचा देव बदलतो.

"बारा ते दोन, दिपेश. पन एक अट हाय. वीणेवर हात ठेवून शपथ घ्यायची, की सुई टोचलेली न्हाय. असलं अंग मासळी-भातावर व्हत न्हाय."

सगळा मांडव मागे वळला. दिपेश उठला. "काका, मी सुई घेतलेली न्हाय. पन शपथ घेनार न्हाय."

"का बरं?"

"बाकीच्यांना घातली का?"

"बाकीच्यांची छाती बघ आन तुझी बघ!" लोक हसले. तुळशीरामला चेव आला. "काय रं पैलवान, मागल्या महिन्यात अलिबागला गेलतास स्पर्धेला. कितवा आलास?"

"पाचवा."

"कितीजनांत?"

"सहा."

हशा असा उसळला की माईकनं शिट्टी मारली. "मग कसला रं तू बॉडीबिल्डर?"

"सुईवाला पाचवा येतो व्हय, काका?" दिपेश म्हणाला.

तुळशीरामनं त्याच्या नावावर काट मारली आणि अनंताचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी बाराला मी टाळ घेऊन देवळात गेलो. अनंता वीणा घेऊन उभा होता. आणि बाहेर, मांडवाच्या सावलीपलीकडे, दिपेश. अनवाणी, हात जोडलेले, ओठ हलताहेत. दोन वाजेपर्यंत जागचा हलला नाही. पोरं त्याच्याभोवती पकडापकडी खेळली. कुणी म्हणालं, पुतळा बसवलाय गावानं, अनावरण कधी? दोनला तो वाकला, उंबऱ्याच्या दिशेनं नमस्कार केला आणि जेवायला गेला. उकडलेले चणे, मूग, दही. सप्ताहात अंडीही बंद.

"ऊन लागंल रे," मी म्हणालो.

"मामा, स्टेजवर नखापासून मानेपर्यंत अंग आवळून धरायचं आन वर हसायचं. इथं नुसतं हुभं ऱ्हायाचंय. पहारा माझा हाय. वीणा नसली म्हनून काय झालं?"

तिसऱ्या दिवशी मला बहिणीच्या घरी देव्हाऱ्यामागे एक कागद सापडला. अलिबागची ती स्पर्धा इंजेक्शन न घेणाऱ्यांचीच होती. उतरणाऱ्या प्रत्येकाची आधी लघवी तपासली होती. कागदावर शिक्का होता: काही आढळलं नाही. मी चपला न घालताच तुळशीरामकडे निघालो. दिपेशनं अंगणातच गाठलं, कागद माझ्या हातातून घेतला आणि परत देव्हाऱ्यामागे ठेवला.

"अरे, हा दाखीव की! तोंडं गप व्हतील."

"बाबा पहाऱ्याला जायचे तेव्हा त्यांच्या तोंडाला माडीचा वास यायचा का न्हाय, हे कुनी हुंगून बघितलं? न्हाय ना? मग मीच का कागद नाचवायचा? त्यांनी शब्द मागं घ्यावा."

 तोंडानं तो मेव्हण्यावर गेलाय आणि हट्टानं आईवर.

चौथ्या दिवशी कीर्तन रंगलं. बुवा माणगावकडचे, आवाज असा की समुद्रानं ऐकत थांबावं. त्यांनी मारुतीचा प्रसंग लावला. भर दरबारात त्याला विचारलं, तुझ्यात राम आहे कशावरून? त्यानं छाती फाडून दाखवली. बुवा थांबले, पखवाज थांबला. मग हळूच म्हणाले, "मंडळी, राम तर दिसला. पण मला सांगा, त्या दरबारात खाली माना कुणी घातल्या असतील?"

मी डोळे पुसत होतो. बायकांच्या बाजूला कृष्णाबाईनं पदर खोचलेला मला दिसला. माझी बहीण पदर खोचते तेव्हा भरती ओहोटीही तिला विचारून येते.

पाचव्या दिवशी दहा ते बारा तुळशीरामच वीणेला होता. बाराला अनंता पुढे आला. बायका मांडवात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यातून कृष्णाबाई उठली.

"अनंता, थांब. आधी शपथ."

"कसली गो?"

"जल्मात नशापानी केलं न्हाय म्हनून. वीणेवर हात ठेव. आजपासून नियम समद्यांना."

अनंताचा पुढे आलेला हात तिथंच राहिला. त्यानं मारुतीकडे बघितलं, मग वीणेकडे. "मना जमायचं न्हाय, वहिनी," म्हणाला आणि मागे सरला.

"बरं. सदाभावजी, तुमी?"

सदा खोकत खोकत हात धुवायला गेला. आणखी दोघं होते, त्यांना एकदम घरची कामं आठवली. मी टाळ वाजवत खाली बघत राहिलो. माझ्याकडे वळली असती तर माझीही पंचाईत होती.

सव्वाबारा झाले. तुळशीरामच्या गळ्यात वीणा तशीच. ठेवता येत नाही, द्यायला कुणी नाही. गुडघ्याचं दुखणं जुनं, तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता.

"अरे, घ्या की कुनीतरी!"

"भावजी," कृष्णाबाई म्हणाली, "तुमी धरलीत, ती शपथ घेऊन धरली व्हय?"

 घामेजलेल्या तोंडानं तुळशीरामनं बाहेर बघितलं. उन्हात पोरगा उभाच होता.

"दिपेश, ये बाबा."

"शपथ?"

"न्हाय."

दिपेश हलला नाही. "काका, तवा माईकवर बोललात. आतापन माईकवरच बोला."

मीच माईक नेऊन तुळशीरामच्या तोंडापुढे धरला. कर्ण्यातून सगळ्या वाड्याला, सुकत घातलेल्या जाळ्यांना आणि किनाऱ्याला ऐकू गेलं: "बारा ते दोन, दिपेश. त्याला शपथ घातली, ती माझी चूक."

दिपेशनं पाय धुतले, आत आला आणि वीणा गळ्यात घेतली. तुळशीराम वाकायला लागला. गुडघा आवाज करत होता, वाकणं संपत नव्हतं. दिपेशनं त्याला मध्येच धरलं असतं तर चाललं असतं. चांगला मुलगा तेच करतो. त्यानं धरलं नाही. म्हाताऱ्याचा हात पायाला पूर्ण टेकू दिला. मग वीणा छातीशी धरून स्वतः त्याच्याहून खाली वाकला, कपाळ त्याच्या पावलाला लावलं आणि काखेत हात घालून त्याला उठवलं.

"गुडघा आखडलाय, काका," तो म्हणाला. "सप्ताह झाला का साडेपाचला बोर्लीला या."

"मी? आता?"

"सहाजनांत पाचवा मी येतो. तुमी सहावे या."

तांदळाच्या सुपांमागे बायका हसत सुटल्या. दिपेशनं डोळे मिटले आणि नाम सुरू केलं. घड्याळात साडेबारा होत आले होते.

"माझा अर्धा तास खाल्ला," तो मला पुटपुटला. "मामा, मी अडीचपर्यंत हुभा ऱ्हानार."

मी टाळ उचलले.