एका पायावरची ड्यूटी

पंकजा खर्डा–नगर एसटीची कंडक्टर. चौदा वर्षं झाली. भरल्या गाडीत तिकिटं फाडायची तर दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून ती उजवा कुल्ला सीटला टेकवून सगळा भार उजव्या पायावर घ्यायची आणि डावा पाय नुसता आडवा टाकून ठेवायची. डावा गुडघा दोन वर्षांपासून वाटीभोवती दुखत होता. पायऱ्या उतरताना जास्त. मलम लावायची, पट्टा बांधायची आणि ड्यूटीवर जायची.

चिचोंडीच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं. ड्रायव्हर वाल्मिकभाऊंनी ब्रेक मारला. तोल सावरायला तिनं डावा पाय पुढे टाकला आणि गुडघ्यानं दगाच दिला. ती समोरच्या म्हातारीच्या अंगावर कोसळली. म्हातारीच्या बांगड्या फुटून मनगटात काच घुसली.

"आगं बाई, तूच पडली, तर आमी कुनाला धरायचं?" म्हातारी कळवळून म्हणाली.

म्हातारीनं तक्रार केली नाही. पंकजानं तिला नगरच्या दवाखान्यात नेलं, टाके पडेपर्यंत बाकावर बसून राहिली. तिथून उठताना गुडघा पुन्हा लचकला. तेव्हा तिनं ठरवलं, आता आपलंही बघायचं.

सावेडीत आरती नावाची फिजिओथेरपिस्ट होती. तिनं टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या. डावी दोन सेंटिमीटरनं बारीक भरली.

"डोळे उघडे ठेवून डाव्या पायावर उभ्या राहा."

पंकजा उभी राहिली. सहा सेकंदात भिंत धरली. धावत्या गाडीत आयुष्य काढलेल्या बाईला सहा सेकंद! तिला रडूच आलं, पण रडायचाही कंटाळा आला होता.

आरतीनं तिचं बोट गुडघ्याच्या वरच्या आतल्या अंगाला टेकवलं. "इथला स्नायू बघा, किती मऊ. बाहेरचा दगडासारखा ताठ. पाय ताणला की वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जाते, घासते, दुखते. दुखतो म्हणून तुम्ही पाय वाचवता, वाचवता म्हणून तो आणखी वाळतो. मग ऐन वेळी भार घेणार कोण?"

"ऑपरेशन?"

"नाही हो. व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, खाली दाबायचं, पाच आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं. रोज तीनदा. कुल्ल्याचे व्यायामही दाखवते. आणि गाडीत पाय बदलत उभ्या राहायचं."

"किती दिवस?"

"तीन महिने तरी. खरं सांगू? मग नोकरी आहे तोवर."

पंकजानं त्याच रात्री टॉवेल गुंडाळला. डेपोत बसून करायचं काम मागितलं होतं, ते मिळालं नाही. पहिल्या महिन्यात काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा रागानं टॉवेल फेकला, थोड्या वेळानं स्वतःच उचलून आणला. तिसऱ्या महिन्यात ती बावीस सेकंद उभी राहिली. गुडघा अजून कुरकुरायचा, पण ब्रेक लागला की पाय रुतून राहायचा.

एका दुपारी जामखेड डेपोच्या विश्रांतीगृहात ती सतरंजीवर पाय लांब करून टॉवेल दाबत होती. नवी कंडक्टर पूजा दाराशी उभी राहून हसली. "ताई, हे काय, योगा?"

"योगा न्हाई बाई. वाटी जागेवर ठेवते."

पूजाचं हसू मावळलं. चप्पल काढून ती खाली बसली. "माझा उजवा दुखतो. अजून कुणाला बोलले नाही. सव्वीस वय माझं, लोक काय म्हणतील?"

पुढची फेरी वीस मिनिटांवर होती. पंकजाला खरं तर पडून डोळे मिटायचे होते. तिनं एक मोठा श्वास सोडला आणि सतरंजीवर थोडी सरकली.

"आधी मांडी दाखव," ती म्हणाली. "आणि उद्याच सावेडीला जा. माझ्यासारखी दोन वर्षं घालवू नको."

मग तिनं टॉवेल पूजाच्या गुडघ्याखाली सारला आणि हळू आवाजात आकडे मोजायला लागली.