रात्रपाळी

धुरी दिलेल्या लेकीला दुपट्यात गुंडाळून मधुरिमाने वडिलांसमोर धरलं, तसे प्रतापराव दोन पावलं मागे सरले.

“घ्या ना, बाबा.”

“ड्यूटीवरून आलोय बेटा. कपडे गंदे आहेत.”

“मग आंघोळ करून घ्या.”

“बघू नंतर.”

नातीला लांबूनच डोळे भरून पाहत त्यांनी चहा संपवला आणि पुन्हा पायांत बूट चढवायला घेतले. शहरात पलासिया भागात एका क्लासच्या इमारतीवर ते रात्रपाळीचा पहारा करत आणि दिवसा तिथल्याच खोलीत झोपत. शहराबाहेर राऊला असलेलं घर हल्ली फक्त सकाळच्या चहापुरतं.

मधुरिमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती पुण्याहून एवढा प्रवास करून आली होती. बाळ अठरा दिवसांचं झालं तरी आजोबांनी त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. बारशाला मावशीने तर सगळ्यांसमोर फिरकी घेतली होती, “आमचे जीजाजी कारगिलमध्ये नाही घाबरले, आता नातीला घाबरून राहिलेत.” सगळे हसले. प्रतापरावही हसले.

ते का घाबरतात हे मधुरिमाला ठाऊक नव्हतं असं नाही. ती नऊ वर्षांची असताना ते फौजेतून रजेवर आले होते. दुपारी झोपलेल्या वडिलांच्या गळ्यात तिने लाडाने हात टाकला आणि डोळे उघडायच्या आतच त्यांनी तिला भिंतीवर भिरकावलं. मनगट मोडलं. त्याचा राग तिच्या मनात कधीच नव्हता. खुपत होतं ते निराळंच. त्यांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण ती माहेरी आली की यांची नेमकी रात्रपाळी लागे. अगदी दिवाळीतसुद्धा. आपलं तोंड पाहिलं की त्यांना ते मनगट आठवतं, म्हणून ते आपल्याला टाळतात, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं आणि त्याचं तिला फार वाईट वाटे.

ती दारात उभी राहिली.

“आज इथेच झोपा. नाहीतर मी उद्याच पुण्याला जाते.”

“अगं, सव्वा महिना तरी होऊ दे.”

“कशाला? तुम्ही तर घरात थांबतही नाही.”

प्रतापरावांनी बायकोकडे पाहिलं. सुनंदाबाई अळिवाचे लाडू वळत होत्या. त्यांनी हातातला लाडू ताटात ठेवला.

“झोपा आज,” त्या म्हणाल्या. “मी आहे ना.”

प्रतापरावांनी निमूटपणे बूट काढले आणि ते आतल्या खोलीत गेले. आपण जिंकलो, असं मधुरिमाला वाटलं. तेवढ्यात बाळ रडू लागलं. त्याला पाजून, खांद्यावर टाकून ती परत आली, तेव्हा सुनंदाबाई वडिलांच्या खोलीपाशी उभ्या होत्या. बंद दाराची बाहेरची कडी त्या लावत होत्या. आवाज होऊ नये म्हणून तिच्याखाली अंगठा धरून, अगदी सावकाश.

“आई, हे काय?”

“हळू बोल. जागे आहेत अजून.” सुनंदाबाईंनी कडी अर्ध्यावर सोडली. “रिटायर होऊन आले, त्या दिवसापासून मला लावायला लावतात. झोपताना लावायची, सकाळी उघडायची. मला काही नाही गं वाटत, आदत पडून गेली.”

“आठ वर्षं?”

“हं.”

“आणि मी येते तेव्हा?”

“तेव्हा ड्यूटी बदलून घेतात. साहेबांच्या हातापाया पडून.” सुनंदाबाईंनी पदराने हात पुसले. “पोरीला कडीचा आवाज नको ऐकू जायला, म्हणतात.”

 मधुरिमा खांद्यावरच्या बाळाची पाठ थोपटत राहिली.

आतून हाक आली.

“सुनंदा, लावलीस का?”

सुनंदाबाई उत्तर द्यायला वळल्या. मधुरिमाने बाळाला त्यांच्या हातात दिलं आणि अर्धी राहिलेली कडी स्वतः पुरती सरकवली. ती चांगली खणखणीत वाजली.

“लावली, बाबा,” ती म्हणाली. “मी इथेच बसलेय.”

 आत प्रतापराव आडवे झाले, तसा पलंग करकरला.