माकडहाडावरचा डाग

वॉर्डात तिला सगळे ‘अर्धी सिस्टर’ म्हणायचे. सात ते तीन मदतनीस म्हणून ड्यूटी, चारपासून नर्सिंगचा वर्ग. चिडवणाऱ्यांवर ती हसायची. एकदा कॉलेज संपलं की बघू म्हणायची.

सोमवारी खाट नंबर नऊवरच्या गवंडी काकांचं अंग पुसताना तिला माकडहाडावर लाल डाग दिसला. परांचीवरून पडून काकांचा खुबा मोडला होता, ते जागचे हलत नव्हते. तिनं बोटानं डाग दाबला. लाली हटेना. नेमकं हेच तिनं आदल्या आठवड्यात वाचलं होतं: इथे थांबवलं नाही तर कातडी फाटणार.

ती धावतच इन्चार्ज सिस्टरकडे गेली.

“सिस्टर, काकांची कूस दर दोन तासांनी बदलायला हवी. मला एकटीला उचलवत नाहीत. कुणीतरी द्या ना सोबत.”

“पुस्तक घरी ठेवून येत जा,” सिस्टर म्हणाली. “तुझं काम शौचाचं भांडं देणं आणि चादर बदलणं. लहान तोंडी मोठा घास नको.”

मग तिनं काकांच्या बायकोला, काकूंना, हाताशी धरलं. काकू भेटीच्या वेळेत यायच्या, तेवढ्यात दोघी मिळून काकांना वळवायच्या. पण दिवसातून दोनदा वळवून काय होणार? गुरुवारी चादर उचलली तर खाली रुपयाएवढी कातडी गेलेली, आतलं मांस दिसत होतं. काका भिंतीकडे तोंड करून रडत होते.

तेवढ्यात डॉक्टरांचा राउंड आला.

“हे कसं झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“या बायकांना शंभरदा सांगावं लागतं, डॉक्टर,” सिस्टर म्हणाली. “कामचुकार आहेत नुसत्या.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकत होता. तिनं तो काढला. दर दोन तासांनी ‘कूस बदलली’, पुढे सिस्टरची सही. एकही रकाना रिकामा नाही.

“डॉक्टर, काल बाराला डावी कूस लिहिलंय. काल साडेअकरा ते एक काका एक्सरेला होते. ट्रॉली मीच ढकलली.” तिनं त्या रकान्यावर बोट ठेवलं. “कूस बदलली असेल तर चूक माझी कशी? आणि बदलली नसेल तर ही सही कशाची?”

डॉक्टरांनी तक्ता हातात घेतला, हवेची गादी आणायला सांगितलं आणि “बाकीचं मेट्रनकडे” म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले.

राउंड संपताच सिस्टरनं तिला औषधांच्या खोलीत गाठलं. “तुझ्या प्रॅक्टिकलच्या तासांवर सही कोण करतं, ठाऊक आहे ना?”

“आहे. नका करू,” ती म्हणाली आणि तासांची वही घेऊन तडक मेट्रनच्या दारात जाऊन उभी राहिली.

मेट्रननं डॉक्टरांनी पाठवलेला तक्ता दोनदा वाचला. तिच्या तासांवर स्वतः सही केली. सिस्टरला तोंडी समज दिली, बस. आणि मग, अगदी मायेनं म्हणाली, “तू उद्यापासून बाळंतिणींच्या वॉर्डात जा. इथे वातावरण बिघडायला नको.”

म्हणजे फाटली काकांची पाठ आणि बिघडलं ते वातावरण! दात-ओठ खात ती घरी गेली. दप्तर आपटलं, चहा ढकलून दिला. आईनं सगळं ऐकून घेतलं.

“बाई गं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?”

“पाणी त्यांच्या बापाचं आहे का, आई? तो माणूस रडत होता. चार दिवस मी ओरडत होते, चार दिवस!”

वर्गाची वेळ टळत होती. ती तशीच, उपाशीपोटी, दप्तर उचलून जिना उतरली.

दुसऱ्या दिवसापासून तीनला सुटली की ती आधी खाट नंबर नऊकडे जाऊ लागली. सिस्टर समोरच बसलेली असायची. ही तिच्याकडे न बघता काकूंना हाक मारायची आणि दोघी काकांना वळवायच्या.