नळीबाबाची मिशी

आधी चमत्कार.

शाळेच्या व्हरांड्यात मुंगी शिरायला जागा नाही. मधोमध नळीबाबा, घडीघडी झुपकेदार मिशीवरून हात फिरवणारे. पितळी नळीचं एक टोक मुलाच्या कानात, दुसरं स्वतःच्या तोंडात. "हा किडा मेंदूकडे निघाला होता. मी वाटेत गाठला." मग लांबलचक ओढ आणि थू: बशीत वळवळणारी पांढरी अळी. गर्दी हात जोडते. अळीलासुद्धा.

फाटकापाशी मुलांच्या तपासणीची सरकारी गाडी उभी आहे. वर्षातून एकदा उगवते. आत डॉक्टरीण एकटीच माश्या मारत बसली आहे.

तिसरीतल्या एका मुलीचं नाव वर्गाच्या बाईंनी तंद्री ठेवलं होतं. हाक मारली तरी लक्ष नसतं, म्हणून. तिचे दोन्ही कान वाहायचे. बाबांनी त्यातून दोन अळ्या काढल्या आणि बापाला बजावलं, "आता औषधाचा थेंब जरी आत गेला, तरी किडे परत येतील."

मग पुरावा.

"बाई, घ्या हजेरी," बाबा म्हणाले.

बाईंनी मुलं नंबरवार ओळीत बसवून हजेरी घेतली. आपल्या पाळीला तंद्री म्हणाली, "हजर."

व्हरांडा शहारला. बापाचे डोळे भरले.

डॉक्टरीण गाडीतून उतरून आली होती. "काल काय म्हणाली होती ही?"

"रोजच हजर म्हणते," बाई म्हणाल्या.

तोच पुरावा, उलटा.

"आता शेवटच्या नावापासून घ्या बरं," डॉक्टरीण म्हणाली.

तंद्रीचं नाव आलं. बाईंनी पुन्हा घेतलं. ओरडून घेतलं. तंद्री पुढच्या मुलीच्या मानेकडे टक लावून बसलेली. मग पुढचीचा नंबर आला, तिची मान हलली, आणि तंद्री लगबगीने म्हणाली, "हजर."

"गुण यायला वेळ लागतो," बाबा म्हणाले. "बापाची श्रद्धा कमी पडली."

शेवटी मिशी.

बापाने लेकीला खुणेनं विचारलं, काय केलं गं यांनी?

तंद्री उठली. बाहीत हात घातला, चिमटीत काहीतरी धरलं. नसलेल्या मिशीवरून हात फिरवला आणि चिमूट हळूच तोंडात रिकामी केली. मग पेन्सिल नळीसारखी धरून ओढ घेतली. थू.

आधी पोरं हसली. मग बापाने बाबांची बाही धरली. आत ओलं फडकं, फडक्यात धान्यात पडतात तसल्या अळ्या.

"त्या आपणहून येतात माझ्याकडे," बाबा म्हणाले.

बाबांची बडबड सगळे कान देऊन ऐकत होते. बडबड त्यासाठीच होती. तंद्रीला ती ऐकू येत नव्हती. ती हात बघत होती.

डॉक्टरिणीने कान तपासले. "दोन्ही पडद्यांना भोकं आहेत. औषध आजपासून, पुढे ऑपरेशन. बरंच ऐकू येईल. नळीच्या नादात अजून काही वर्षं घालवली असती, तर मला काही सांगता आलं नसतं."

बाप लेकीला घेऊन गाडीकडे चालू लागला. मागे रांग लागली.

तेव्हा कुणी चमत्कार दाखवत असेल, तर त्याचं तोंड ऐकू नका, हात बघा. आणि वर्गात एखादी तंद्री असेल, तर तिला नाव ठेवायच्या आधी तिचे कान बघा.